खानदेशातले रानपोपट: कुठे शोधायचे, कसे बघायचे, फोटो कसे काढायचे

दिवाळीत भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, काकाकुवाचा फोटो काढायचा तर कुठे जायचं?" त्याने तो कुणाच्या तरी बंगल्यात पिंजऱ्यात पाहिला होता, पांढराशुभ्र आणि डोक्यावर पिवळा तुरा असलेला. मी त्याला खरं ते सांगितलं. काकाकुवाच्या साधारण २१ जाती आहेत आणि त्या ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि सॉलोमन बेटं या पट्ट्यातच रानात राहतात. आपल्याकडे दिसतो तो पिंजऱ्यातला, नाहीतर पिंजऱ्यातून सुटलेला. पण त्याच गणातले तीन पोपट खानदेशात मोकळे उडतात आणि त्यांच्याकडे मान वर करून नीट बघणारी माणसं फार थोडी आहेत. त्या हिवाळ्यात मी त्याला जे शिकवलं ते इथे सविस्तर लिहितो.

आधी तीन पोपट वेगळे ओळखा

नेहमीचा तो कंठवाला पोपट, आपला राघू. शेपटीसकट सव्वा फुटाहून थोडा लांब असतो. नराच्या गळ्याभोवती काळा-गुलाबी कंठ असतो, मादीला नसतो. इथे नवशिका हमखास फसतो. नराला कंठ यायला साधारण तीन वर्षं लागतात, त्यामुळे कंठ नसलेला पक्षी मादीच असेल असं नाही, तो तरुण नरही असू शकतो. वहीत 'मादी' लिहिण्याआधी थांबा आणि 'कंठ नाही' एवढंच लिहा.

दुसरा पहाडी पोपट, ज्याला करण पोपटही म्हणतात. हा राघूपेक्षा स्पष्ट मोठा, पावणेदोन फुटांच्या आसपास. चोच जाडजूड लालभडक, आणि खांद्यावर मेंदीच्या गडद लालीसारखा डाग. दूरवर डाग दिसला नाही तरी आवाजावरून कळतो, राघूपेक्षा जाड आणि घोगरा. हा सातपुड्याकडे बघावा. पिंजऱ्यासाठी याची पिल्लं फार पकडली गेली, आणि जगभरात तो धोक्याच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांत गणला जातो.

तिसरा माझा आवडता, तुईया. राघूपेक्षा लहान, नराचं डोकं पिकल्या जांभळाच्या आणि गुलाबाच्या मधल्या रंगाचं, मादीचं डोकं राखाडी आणि गळ्याला पिवळसर पट्टा. शेपटीचं टोक पांढरं, ते उडताना चमकतं. तुईया आधी कानाला सापडतो. राघूची किरकिर कर्कश असते, तुईयाची हाक गोड आणि वर चढत गेलेली, प्रश्न विचारल्यासारखी 'टुई?' जंगलाच्या कडेला ही हाक आली की जागीच थांबून आकाशाकडे बघा. थवा बाणासारखा डोक्यावरून जातो आणि दोन सेकंदांत झाडीत शिरतो.

पोपटाच्या मागे जाऊ नका, त्याच्या वाटेवर बसा

कॅमेरा हातात आला की माणूस पक्ष्याच्या मागे धावतो. पोपट ज्या झाडावर बसलाय तिकडे चालत जातो, पोपट उडतो, माणूस पुढच्या झाडाकडे निघतो. तासाभराने हाती येतात ते हिरव्या शेपट्यांचे धूसर फोटो. याला उपाय एकच, त्याचं वेळापत्रक आधी शिकून घेणं. पोपटाचा दिवस ठरलेला असतो. रात्रीचा मुक्काम एका झाडावर, सकाळी चरायला ठरल्या दिशेला, उन्हं तापली की सावलीत, दुपार ढळली की पुन्हा चरणं आणि सूर्य मावळताना मुक्कामाकडे परत.

पहिलं काम कॅमेऱ्याशिवाय करायचं आहे. सलग तीन संध्याकाळी घराच्या गच्चीवर जा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आत-बाहेर मावळतो, म्हणून साडेपाचला वर असा. थवे कुठून येतात, कुठे जातात, किती वाजता, एवढंच लिहा. गावातली पाण्याची टाकी, देवळाचा कळस, टॉवर अशा खुणा घेऊन दिशा लिहिली की चुकत नाही. तिसऱ्या दिवशी बाणांसारख्या रेघा एकाच दिशेला जुळायला लागतात. चौथ्या संध्याकाळी त्या दिशेला एक-दोन किलोमीटर पुढे जाऊन उभे राहा. असं करत गेलात की मुक्कामाचं झाड सापडतं. ते बहुतेक गावातच निघतं, जुना वड, पिंपळ, एखाद्या शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारातली उंच झाडं. तिथे साळुंक्या आणि कावळेही शेजारी मुक्कामाला असतात, आणि अंधार पडेपर्यंतचा गलका इतका असतो की झाडाखाली बोललेलं ऐकू येत नाही.

मुक्कामाच्या झाडाखाली फोटो चांगले मिळत नाहीत, उजेड गेलेला असतो. फ्लॅश तिथे अजिबात वापरू नका. अंधारात बिथरलेला थवा उडाला तर तारांवर आदळतो. त्या झाडाचा उपयोग वेगळा आहे. सकाळी थवे तिथून कोणत्या दिशेला सुटतात हे कळलं की चरण्याची जागा शोधता येते. फोटो तिथे मिळतात.

कोणत्या महिन्यात कोणतं झाड

खानदेशात पोपट बघायचा म्हणजे पीक आणि फुलोरा यांचा माग काढायचा.

डिसेंबर-जानेवारीत दादर ज्वारी हुरड्यात येते. कणसात दूध भरलं की राघूंचे थवे अमळनेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातल्या काळ्या रानांवर उतरतात. याच दिवसांत बोरं पिकतात, पेरूच्या बागा असतात, मका असतो. फोटोच्या दृष्टीने हा सर्वांत सोपा काळ. पोपट कणसावर उलटा लटकतो, एका पायाने दांडा धरतो, दुसऱ्या पायाने दाणा चोचीशी नेतो. त्याच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, म्हणून ही पकड त्याला जमते. चोच तर त्याचा तिसरा पायच. फांदीवर चढताना आधी चोच रोवतो, मग पाय उचलतो. हे बारकावे दुर्बिणीतून आधी बघून घ्या, म्हणजे कॅमेऱ्यात कोणता क्षण टिपायचा ते कळतं.

जोड्याही याच काळात जुळू लागतात. मादी पंख थोडे खाली सोडून बसते, डोळे फिरवते, हळू आवाजात कुजबुजते. नर शेजारी सरकतो, चोचीला चोच घासतो, तिला घास भरवतो. घास भरवणं हा पोपटाचा माझ्या मते सर्वांत सुंदर फोटो आहे आणि तो मिळवायला धावपळ लागत नाही, फक्त एका जोडीसमोर बराच वेळ गप्प बसावं लागतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शेत सोडा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी चला. काटेसावर फुललेली असते, तिच्यावर एक पान नसतं. पळस पेटलेला असतो. राघू आणि तुईया दोघेही या फुलांवर येतात, मकरंद आणि पाकळ्यांसाठी. निष्पर्ण झाड म्हणजे फोटोग्राफरसाठी मोठीच सोय, हिरवा पक्षी हिरव्या पानांत हरवत नाही. लाल फुलं, हिरवा पक्षी आणि मागे सकाळचं फिकट आकाश असा देखावा वर्षातून तीनच आठवडे मिळतो. मी दरवर्षी बाकीची कामं बाजूला ठेवून हे आठवडे रानात काढतो.

एप्रिलमध्ये मोह आणि कैऱ्या. पण उन्हाचा विचार करा. नऊनंतर काळ्या रानावरून झळा उठतात आणि कितीही भारी लेन्स असली तरी लांबचा फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. तेव्हा साडेपाचला घर सोडा, साडेआठला आवरा. जूनच्या सुरुवातीला निंबोळ्या पिकल्या की घराजवळच्या कडुनिंबावरच बघा. पावसाळ्यात आणि भाद्रपद-आश्विनात मका, सूर्यफूल, बाजरी. तेव्हा पिकं उंच असतात आणि बसायला जागा मिळत नाही, मी त्या दिवसांत फोटोपेक्षा नोंदीच जास्त करतो.

जागा

पहिला महिना गावाच्या शिवाराबाहेर जाऊ नका. राघू शिवारातच भरपूर आहे. हात बसल्यावर मग सातपुडा.

रावेर तालुक्यातलं पाल आणि त्याला लागून असलेलं यावल अभयारण्य तुईयासाठी माझी पहिली पसंती. अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं. सुकी नदीच्या काठाने साग, सलई, अंजन असं मिश्र जंगल आहे, आणि पाणवठ्याजवळ सकाळी एका जागी बसलं तर थवे येतात. शिरपूरकडे अनेर धरणाचा परिसर आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवी, जिथे भास्कराचार्यांचं नाव असलेला शिलालेख सापडला, ती गौताळा-औट्रमघाट अभयारण्याची बाजू. तिथे जुनी झाडंही आहेत आणि डोंगराच्या कपारीही. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला सोयीचा आहे. जुन्या भिंतींतल्या भोकांत राघू घर करतात.

तोरणमाळला गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. शहाद्याजवळच्या याच सातपुड्याच्या रानात नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा, एक छोटं घुबड, पुन्हा सापडला. १८८४ नंतर ११३ वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती. त्याचं नाव ऐकून येणारे काहीजण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात. पोपटासाठीही कुणी तसं सुचवेल. करू नका. आवाज ऐकून पक्षी आपली हद्द वाचवायला धावतो, घरट्यापासून दूर जातो, उगीच दमतो.

अभयारण्यात वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, परवानगी घेऊन आणि स्थानिक वाटाड्या सोबत घेऊनच जा. पावरा, भिल्ल, तडवी वस्तीतल्या जाणत्या माणसाला तुईयाची हाक कोणत्या नाल्यात येते हे ठाऊक असतं. त्यांना मजुरी पूर्ण द्या आणि फोटो छापून नेऊन दाखवा.

शेतात बसायचं कसं

सर्वांत आधी शेतमालकाला विचारा. पोपट खातो त्याहून जास्त पाडतो, आणि हुरड्याच्या दिवसांत शेतकरी पहाटेपासून माळ्यावर उभं राहून गोफणीने आणि डबे वाजवून राखण करत असतो. त्याचं नुकसान होतंय आणि आपण त्याच थव्याची वाट बघत बसणार आहोत, याची जाण ठेवली पाहिजे. अमळनेरकडे एका आप्पांनी मला बांधावर बसलेलं बघून विचारलं, "काय करी ऱ्हायना भाऊ?" मी सांगितलं. ते थोडा वेळ कॅमेऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फोटू काढ, मंग हाकली दे त्यासले." तेव्हापासून मी हाच करार पाळतो. माझं काम झालं की उठून थवा उठवतो आणि पुढचा अर्धा तास राखणीला हातभार लावतो. त्या शेतात मला आजही कधीही जाता येतं.

बसण्यासाठी बांधावरचं बाभळीचं किंवा निंबाचं झाड, कडब्याची गंजी किंवा उभी बैलगाडी शोधा. कपडे मातकट किंवा फिकट हिरवे. पांढरा सदरा, चमकणारी घड्याळं नकोत. थवा यायच्या अर्धा तास आधी जागेवर असा, म्हणजे पोपट येतील तेव्हा तुम्ही आधीपासून तिथलेच असाल. उन्हं कोवळी असतानाच सूर्य तुमच्या पाठीशी राहील अशी बाजू निवडा. हे ठरवायला आदल्या दिवशी एक फेरी मारून ठेवलेली बरी.

पोपट बेचैन झालाय हे ओळखायला शिका. निवांत पोपट पिसं थोडी फुलवून बसतो, एक पाय पोटाशी घेतो, खाताना मध्येच डोळे मिटतो. घाबरायला लागला की मान ताणतो, पिसं अंगाशी चपटी करतो, खाणं थांबवतो, आणि एकजण ओरडतो. ही खूण दिसली की पुढे सरकू नका, जिथे आहात तिथेच नजर खाली घालून थांबा. एकटक बघणारे डोळे आणि वर उचललेली लेन्स त्याला शिकाऱ्यासारखी वाटते. दोन-तीन मिनिटांत तो पुन्हा खायला लागला तर ठीक, नाहीतर दोन पावलं मागे या. चारचाकी असेल तर काच खाली करून आतूनच फोटो काढा. पायी माणसाला घाबरणारा पोपट गाडीला बऱ्याचदा घाबरत नाही.

कॅमेरा

३०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तम. नसेल तर मोठ्या झूमचा साधा कॅमेराही काटेसावरीवर चांगलं काम करतो. फक्त मोबाइल असेल तर ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या, तिच्या डोळ्याकडच्या एका भिंगाला मोबाइलचा कॅमेरा टेकवा आणि हात कडब्यावर टेकून फोटो काढा. ओळखीपुरता फोटो नक्की येतो. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी आधी दुर्बीण घ्या म्हणेन.

बसलेल्या पोपटासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/५०० हून कमी ठेवू नका, तो खाताना डोकं सतत हलवतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफ ५.६ ते एफ ८. आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० लावा. सकाळच्या पहिल्या उजेडात ८०० ते १६०० लागतोच, फोटोत थोडे दाणेदार ठिपके दिसले तरी चालतील, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. पोपटाच्या डोळ्याची बाहुली क्षणात लहान-मोठी होते, ती स्पष्ट आली की फोटो जिवंत वाटतो.

हिरव्यावर हिरवा ही खरी अडचण. पानांच्या गर्दीत कॅमेरा पक्षी सोडून पान पकडतो. अशा वेळी पक्ष्यापेक्षा त्याच्या मागचं अंतर बघा. मागची झाडी जितकी लांब, तितका पक्षी सुटून दिसतो. दोन पावलं डावीकडे सरकून मागे पळस किंवा नांगरलेली जमीन आणता आली तर तेवढ्यानेही फोटो बदलतो. मागे पांढरं आकाश असेल तर पक्षी काळा येतो, तिथे एक्सपोजर एक स्टॉप वाढवा. उलट कोवळ्या थेट उन्हात पोपटी रंग फिक्का पडतो, तेव्हा एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी करा.

उडणाऱ्या थव्यासाठी शटर १/२००० किंवा त्याहून जास्त, सलग फोकस, सलग फोटो. पोपट वेगाने आणि सरळ रेषेत उडतो, ही आपली सोय आहे. गच्चीवरच्या वहीतून वाट माहीत असते, तेव्हा थवा लांब असतानाच लेन्समध्ये घ्या, कंबरेतून वळत त्याच्याबरोबर फिरा आणि समोरून जाताना बटण दाबा. डोक्यावर आल्यावर कॅमेरा उचलणाऱ्याला फक्त पोटं मिळतात.

आपल्याकडची धूळ लेन्सची शत्रू आहे. शेतात लेन्स बदलू नका. कॅमेरा सुती उपरण्यात गुंडाळा, घरी आल्यावर आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच कापड लावा, नाहीतर धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

घरट्याबद्दल

फेब्रुवारी ते एप्रिल राघू ढोलीत अंडी घालतो, बहुतेक सुतार किंवा तांबट पक्ष्याने कोरलेल्या जुन्या ढोलीत, तोंड रुंद करून. तीन-चार आठवडे अंडी उबवणं आणि पुढे सहा-सात आठवडे पिल्लं आत. ढोलीसमोर उभं राहून फोटो काढायचा मोह होतो. मीही सुरुवातीला काढले. एकदा पाऊण तास समोर बसलो आणि मादी शेजारच्या झाडावर घिरट्या घालत राहिली, आत शिरली नाही. पिल्लं तेवढा वेळ उपाशी राहिली. त्यानंतर मी ढोलीचा फोटो काढत नाही, तुम्हीही काढू नका.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. याच महिन्यांत पिल्लं काढणारे फिरत असतात. ढोली फोडून पिल्लं नेली की ती ढोली पुढच्या वर्षांसाठीही जाते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातला पोपट पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. तुम्ही समाजमाध्यमावर टाकलेल्या फोटोमागे ओळखू येणारं झाड, मंदिर किंवा फोटोत साठलेलं ठिकाण असेल तर ते पिल्लं काढणाऱ्याला पत्ता दिल्यासारखंच आहे. कॅमेऱ्यातली आणि मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद करा, विणीच्या काळातले फोटो पावसाळ्यात टाका, आणि ठिकाण लिहिताना फक्त तालुका लिहा. बाजारात पोपटाची पिल्लं विकायला दिसली तर स्वतः विकत घेऊन सोडून देऊ नका, त्याने विक्री वाढते. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

वही

घरी आल्यावर फोटो निवडायच्या आधी वही भरा, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं. तारीख, वेळ, गाव, झाड किंवा पीक, किती पक्षी, काय खात होते, हवा कशी होती. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर मराठी नावांनीही यादी भरता येते. तिथे नोंद केली की ती अभ्यासकांना वापरता येते. मग प्रत्येक बैठकीतले पाच-सहा फोटो ठेवून बाकीचे पुसून टाका. ठेवताना नुसता देखणा फोटो न ठेवता वागणूक दाखवणारा एक तरी ठेवा, दाणा धरलेला पाय, भरवणारी चोच, ताणलेली मान.

भाच्याच्या वहीतलं एक पान नमुना म्हणून देतो: "२ मार्च. पाल. सकाळी ७.१०. काटेसावर. तुईया ९, त्यातले जांभळ्या डोक्याचे ४. फुलाची पाकळी तोडून बुडखा चावतात, फूल खाली टाकतात. झाडाखाली पडलेली फुलं मोजली, ३१. ७.३५ ला शिक्रा आला, सगळे उडाले. फोटो १, हललेला. परत ८.०५ ला ६ आले."